ओढ्यात ठोकलेली जाळी

अन्याय झाला तो काळविटांच्या एका कळपावर आणि त्याच कळपाला हाकलून दमलेल्या एका ज्वारीवाल्या बाईवर. केव्हा? गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, भर सकाळी, शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत. मीही तिथंच होते. हुरडा खात होते.

सोलापूरहून वैराग रस्त्यानं जाताना आत वळलं की दोन माळ लागतात, पलीकडे थोरला आणि अलीकडे धाकटा. मधे सगळी शेती. दोन्ही माळांना जोडणारी वाट एकच, ती म्हणजे एक कोरडा ओढा आणि त्याच्या काठाचं गवत. काळविटांचं येणं-जाणं त्या ओढ्यानं चालायचं. मग मधल्या रानात प्लॉटिंग झालं. मुरमाचे रस्ते पडले, नंबर टाकलेले दगड रोवले गेले आणि चौफेर तारेची जाळी आली. ओढा काही कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हता, तरी जाळी त्याच्यातूनही ओढली.

तिथला एक दगड माझ्या वडिलांचा आहे. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर अख्खी नोकरी काढलेला माणूस. स्वतःची जमीन म्हणून त्या दगडावर हात फिरवताना मी त्यांना पाहिलंय. त्यांना हसत नाही मी. पण गप्पही बसवत नाही मला.

त्या रविवारी प्लॉटवाल्यांनी सगळ्या मालकांना हुरड्याला बोलावलं होतं. आगटी पेटलेली, शेंगाचटणी, दही, गूळ, सगळं होतं. विक्रीचा माणूस माइक घेऊन फिरत होता. जाळीच्या बाहेर काळविटं उभी होती, एवढी दाटीनं की गुरांचा बाजारच वाटावा.

"बघा साहेब, हरणं दारात! पुण्यात कोटी मोजले तरी मिळतंय का हे?"

सगळे मोबाईल काढून धावले. वडीलही. कळप जाळीच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचा, वळायचा, परत यायचा. मला ते बघवेना. ती शोभेला आलेली नव्हती, वाट शोधत होती. तेवढ्यात एकानं व्हिडिओ चांगला यावा म्हणून जोरात शिट्टी मारली. कळप उधळला आणि सवयीनं ओढ्यात शिरला. पुढची कचकन वळली. एक तरणी मादी मात्र जाळीखालून निघायला गेली आणि खालच्या काटेरी तारेत मानेला अडकली. माणसं पोचेपर्यंत ती गेली होती. तिच्यावर पोतं टाकलं गेलं आणि माइकवर आवाज आला, "काही नाही, निसर्ग आहे. गरम हुरडा आलाय, या."

आणि लोक गेले. खरंच गेले.

तेव्हा धाकट्या माळाला लागून असलेल्या रानातून ती ज्वारीवाली बाई आली. हातात गोफण, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ज्वारी हुरड्यात आल्यापासून ती बांधावरच राहत होती.

"ए माइकवाल्या! तुज्या दारातली हरणं घरात घे की! माज्या रानात कशाला सोडलीस?"

"मावशी, जंगली जनावर आहे. आमचा काय संबंध?"

"व्हय? मग फोटूत बरी तुमची हायती!"

मी मधे पडले. म्हटलं, मावशी, लोक म्हणतात तशी हरणं वाढलेली नाहीत, इथं अडकली आहेत.

"वाढली न्हाईत? मग माजी ज्वारी काय तू खाल्लीस?"

काही माणसं हसली. मीही हसले असते, पण ती हसत नव्हती. पूर्वीही हरणं यायची, म्हणाली, थोडं खायची अन् थोरल्या माळाला निघून जायची. आता जातच नाहीत. "पुढल्या साली बी असंच झालं, तर पेरायचीच न्हाय मी. मीबी रान प्लॉटवाल्याला देती. मग बसा हुरडा खात."

पुढच्याच आठवड्यात मी थोरल्या माळावर गेले. गवत गुडघ्याएवढं, खाणारं कुणी नाही. दिवसभर पायपीट केली तेव्हा एक म्हातारा नर आणि त्याच्या मागे दोन माद्या दिसल्या. तिथली पाडसं कुत्र्यांनी नेली, असं माळावरचा मेंढपाळ सांगत होता. कुत्री पूर्वीही होती. पण एका माळावरचा कळप आटला की दुसऱ्यावरून चार-सहा यायची आणि माळ पुन्हा भरायचा. मोठ्या नरानं हुसकावलेले तरणे नर तिकडं जाऊन आपला संसार मांडायचे. आता इकडं गर्दी आणि तिकडं शुकशुकाट. गर्दी तेवढी आपल्याला दिसते, म्हणून आपण म्हणतो, हरणं लई झाली. एक माळ मरतोय आणि दुसऱ्यावर आपण टाळ्या वाजवतोय!

मी पत्रक छापलं. मागणी एकच: ओढ्यापुरती जाळी काढा. बाकीची खुशाल ठेवा. प्लॉटवाला विकून मोकळा झालाय, जाळी आता मालकांच्या सोसायटीची. निम्म्याहून जास्त सह्या झाल्या की काम होतं. आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये मालकांची बैठक झाली.

"जाळी काढली तर चोर येतील," एक काका म्हणाले.

"काका, तिथं दगडाशिवाय आहे काय चोरायला?"

"तू फार बोलतेस."

हो, बोलते. पण विरोध असा कुणाचाच नव्हता, हे जास्त झोंबलं. जो तो म्हणायचा, चांगलंय की, बाकीच्यांच्या होऊ देत, मग माझी घे. रात्री वडिलांपुढं कागद ठेवला.

"अगं, मी नाही कुठं म्हणतोय? चार जणांच्या होऊ देत."

"ते चार जण तुमच्यासाठी थांबलेत, बाबा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेन उचललं नाही. कागदावर सह्यांची जागा अजून कोरीच आहे.

आता गणपती गेलेत. रब्बीची पेरणी तोंडावर आली आहे. त्या बाईचं रान अजून तिच्या नावावर आहे, पण प्लॉटवाल्यांची माणसं दोनदा चहाला येऊन गेलीत. तिनं रान दिलं तर तिथंही जाळी येईल आणि धाकट्या माळाची ती बाजूही बंद होईल. मग कळपाला पुढंही जागा नाही आणि मागंही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला थेट सांगते. माळावर तुमचा प्लॉट असेल, तर या रविवारी तिथं जा. दगड बघू नका, ओढा बघा. त्यात जाळी असेल तर पेरणीच्या आत ती काढायचा अर्ज सोसायटीला करा, आणि बाकीच्यांची वाट न बघता त्यावर पहिली सही तुम्ही करा.