डावखुरा ससा

तापलेल्या धुळीला एक वास असतो. जुन्या टीव्हीच्या पाठीमागच्या जाळीतून तो येई. संच सुरू करून थोडा अवधी लोटला, की आतल्या काचेच्या नळीची ऊब साचलेल्या धुळीला लागे आणि खोलीभर काहीसा करपट, काहीसा गोडसर दरवळ पसरे. गेल्या हिवाळ्यात देवासला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लाकडी दारांचा एक संच दुकानदाराने सहज म्हणून चालू केला आणि तो वास माझ्या नाकात शिरला मात्र, माझं काळीज धडधडू लागलं. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसत्या मुंग्या होत्या. मग कशासाठी धडधडलं, म्हणाल? त्या पांढऱ्याकाळ्या कल्लोळातून आता ससा येईल म्हणून. पन्नाशी उलटलेल्या बाईने सशाची वाट पाहावी हे हसण्यासारखंच आहे, हसा खुशाल.

आमच्या लहानपणी मुलांच्या कार्यक्रमात छायाचाचा येत. पाठीमागे एक पांढरा पडदा, समोर एक दिवा आणि दोन हात, एवढ्याच सामग्रीवर त्यांचा सगळा प्रपंच उभा असे. बोटांच्या सावल्यांतून हत्ती सोंड हलवी, बोकड मान उडवी, आणि शेवटी ससा येई. दोन बोटांचे त्याचे कान, खाली दुसऱ्या हाताचे पुढचे पाय, आणि नाक असं काही फुरफुरे, की आमच्या दिवाणखान्यात मांडीला मांडी लावून बसलेली अवघी आळी श्वास रोखून धरी. टेकडीच्या आडोशामुळे देवासला आमच्याकडे चित्र फार हट्टी. नेमका ससा येण्याच्या वेळी ते अंतर्धान पावे, मग गच्चीवरून अँटेना फिरवणारा काका आणि खालून ओरडणारे आम्ही यांच्यात जो संवाद चाले त्याला शास्त्रीय संगीतातल्या सवालजवाबाची सर यावी. पण दिसला, की ससा दिसे. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर, उन्हाच्या प्रत्येक तुकड्यात आमचे ससे उड्या मारत.

मोठी झाल्यावर मी माहितीपट करू लागले, ते बहुधा त्या आनंदाचं ऋण डोक्यावर असल्यामुळेच. माझा भागीदार शेखर हा धारचा. एरवी मला ताई म्हणतो आणि भांडण तापलं की माळव्यातल्या हिंदीत भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो, त्यामुळे आमच्या चर्चेचं तापमान बाहेरच्याला संबोधनावरून कळतं. कधी काळी लोकांना हसवून, रिझवून गेलेली आणि आता विस्मृतीच्या पडवीत बसलेली माणसं हा आमचा विषय. मनावर गावच्या एका ऑर्केस्ट्रात स्त्रीपुरुष दोघांच्याही आवाजांत गाणारे गायक, टीव्हीवर हवामान सांगता सांगता गालात हसणाऱ्या एक निवेदिका, अशी काही चित्रं आम्ही केली. अशा वेळी आमचा वाद ठरलेला. शेखरचं म्हणणं, कलावंताचं खरं रूप त्याच्या जुन्या चित्रणात असतं; ते मिळवा, झाडून पुसून मांडा, आपण मध्ये लुडबुडू नका. माझं म्हणणं, चित्रण हे माणसाचं एक अंग झालं, ते पाहणाऱ्याच्या मनात काय उरलं ते त्याचं दुसरं अंग. देवास ते धार या रस्त्यावर आम्ही हा वाद इतक्यांदा घातला आहे, की वाटेतल्या चहावाल्यांनाही दोन्ही बाजू पाठ असाव्यात.

आणि एके दिवशी गाडी चालवता चालवता शेखर म्हणाला, "ताई, तुझे ते छायाचाचा म्हणजे आमचे दिनकरमामा. सख्खे. तुला कधी बोललो नाही का?" इतकी वर्षं बरोबर काम करणारा माणूस ही गोष्ट सांगायला विसरतो, याला काय म्हणावं? मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरले आणि सोयाबीनच्या शेताकडे बघत नुसती हसत राहिले. काय करू? लहानपणचा देव पत्त्यासकट सापडला होता.

पण हर्षाला दृष्ट लागायची ती लागलीच. आम्ही जुन्या चित्रणाचा शोध घेतला, तेव्हा कळलं की छायाचाचांचा एकही क्षण शिल्लक नाही. त्या काळी टेप दुर्मिळ, महाग. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा चढवायची सर्रास रीत होती. कुणाचा दोष नव्हता, कामाची पद्धतच तशी. सशाच्या टेपवर पुढे सोयाबीनवरच्या किडीविषयी सल्ला चढला, असं दूरचित्रवाणी केंद्रातल्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी आम्हाला अगदी सद्गदित होऊन सांगितलं. दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे ठाऊकच असतं, की त्या इतिहासाची आरंभीची पानं त्याने स्वतःच खाऊन टाकलेली आहेत. शेखर तर हातपाय गाळून बसला. चित्रणावाचून व्यक्तिचित्र म्हणजे वराशिवाय वरात, असं तो म्हणाला.

मामा धारला, तलावाजवळच्या गल्लीत राहतात. मोठे हसतमुख, दाढी घोटून केलेली, बोलणं जुन्या वळणाचं आणि मधेच माळव्यातल्या हिंदीत उतरणारं. बाहेरच्या खोलीत स्टुडिओतला एक फोटो आहे: तरुण मामा, समोर दिवा, उजव्या हाताचे दोन कान उभारलेले. तोच उजवा हात पक्षाघाताने गेला आहे. तो मांडीवर ठेवलेला असतो, आणि बोलताना ते अधूनमधून डाव्या हाताने त्याला नीट ठेवतात. शेखरने फिल्मची गोष्ट काढली तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "चहा घ्या, पोहे खा, गप्पा मारा. पण मला त्या कॅमेऱ्यात नका घेऊ रे. टेप गई, हात गया. आता उरलं काय, दाखवायचं काय? उद्या पोरं विचारतील, हा म्हातारा कोण?" डाव्या हाताने कधी प्रयत्न केला का, असं मी भीतभीत विचारलं. "केला होता, बाई. त्याला नुसते पाय धरायचं माहीत. जन्मभर खालीच राहिला तो, त्याला कान कुठून येणार?" मग मांडीवरचा उजवा हात नीट ठेवत म्हणाले, "एकदा भिंतीवर ससा बघायला मिळाला असता, तर बरं वाटलं असतं."

त्या एका वाक्याने सगळं ठरून गेलं. आता प्रश्न फिल्मचा उरला नव्हता. मामांना भिंतीवर त्यांचा ससा पुन्हा दिसेल का, एवढीच तळमळ माझ्या मनाला लागली आणि शेखरच्याही लागली, जरी तो ते कबूल करायला तयार नव्हता. परतताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेप पुसली गेली असेल, पण बघणारी पोरं कुठे पुसली गेली होती? ती मोठी झाली, केस पिकले, पण त्यांची बोटं तर त्यांच्याजवळच होती. देवास, धार, बाग, मनावर, जिथे जिथे ओळखी होत्या तिथे आम्ही निरोप धाडले: छायाचाचांचा ससा आठवतो का? येत असेल तर भिंतीवर करा आणि मोबाइलवर पाठवा.

आणि ससे आले हो! काय सांगू तुम्हाला, कुठून कुठून आले. कुणी स्वयंपाकघरातून, कुणी कचेरीच्या जिन्यातून, कुणी नातवाच्या पाठीवर सावली पाडून. बाग गावच्या एका कापडछपाई कारागिराने वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर ससा नाचवला. मी एकेक बघून टाळ्या पिटत होते आणि शेखरच्या कपाळावर मात्र आठ्या वाढत होत्या. "भिया, एक मिनिट," तो म्हणाला. तापमान ओळखून मी टाळ्या थांबवल्या. "हे सगळे डाव्या हाताने कान करतायत. मामा उजव्याने करायचे, फोटो आहे ना घरी. म्हणजे हे लोक दुसरीकडूनच कुठून तरी शिकले. आपले ससे नाहीत हे." पुन्हा पाहिलं, तर खरंच. सगळ्यांचे कान डाव्या हातात, उजवा खाली पाय होऊन बसलेला. अवघा माळवा काही डावखुरा असू शकत नाही. माझा सगळा उत्साह एका क्षणात मावळला. मामांना खोट्या सशांनी फसवायचं का?

फसवायचं नाही, असं ठरवूनच आम्ही धारला गेलो आणि जे होतं ते त्यांच्यापुढे ठेवलं. मामा पहिला ससा बघून चपापले, दुसरा बघून चष्मा पुसला, आणि मग जे हसू लागले ते आवरेनात. मामी आतून धावत आल्या. "अरे वेड्यांनो," ते म्हणाले, "मी पोरांकडे तोंड करून करत होतो नं! समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. पोरं आरशात बघावं तशी शिकली. दुसरं कुणी शिकवलं असतं तर बाजूला बसवून, हात धरून शिकवलं असतं, मग उजवाच आला असता. ये सब मेरे ही हैं. एकूण एक माझे."

त्या क्षणी मला दूरचित्रवाणी नावाच्या यंत्राचा जेवढा अर्थ कळला, तेवढा इतक्या वर्षांच्या व्यवसायात कळला नव्हता. गुरू एका बंद खोलीत, दिव्याच्या उष्म्यात घामाघूम झालेला. शिष्य शेकडो घरांत, अँटेनाच्या दयेवर बसलेले. एकमेकांचा स्पर्श नाही, ओळख नाही, चूक सुधारायची सोय नाही. आणि तरी विद्या पोचली, उलटी होऊन पोचली, आणि ती उलटी आहे हेच ती कुठून आली याचं प्रमाण ठरलं. नक्कल तंतोतंत असती तर आम्ही तिच्या मालकाविषयी कधीच निःशंक झालो नसतो. चुकीवर इतकं प्रेम कधी कुणी केलं असेल का? शेखर खोलीत येरझारा घालत होता. चित्रण सापडलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि आमचा जन्माचा वाद मी जिंकले हे सांगायचंसुद्धा मला भान राहिलं नाही.

 मामा मात्र एव्हाना आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी मोबाइलवरचा एक ससा पुन्हा लावायला सांगितला, मनावरच्या संगीताबाईंचा. त्यांचं तिथे औषधांचं दुकान आहे, आणि त्यांच्या सशाचं नाक सगळ्यांत सुरेख फुरफुरत होतं. "हिला डाव्याचं सगळं येतं," मामा म्हणाले. "हिला बोलवा. और सुनो, कॅमेरा आणायचा असेल तर आणा."

संगीताबाई पुढच्याच रविवारी आल्या. पाया पडल्या, रडल्या, चहा प्यायल्या, आणि मग पदर खोचून कामाला लागल्या. दुपारचं ऊन खिडकीतून समोरच्या भिंतीवर उतरलं होतं, दिव्याची गरजच नव्हती. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. "चाचा, अंगठा आत घ्या. अजून. हां. कान ढीला नको, आपला ससा काय आजारी आहे?" "हे तर मीच म्हणायचो," मामा पुटपुटले. "मग ऐका नं," त्या म्हणाल्या. मामा ऐकत होते. मावळत्या वयात पहिल्या इयत्तेत बसलेला तो थोर माणूस जीभ दातांत धरून एकेक बोट वळवत होता, चुकत होता, पुन्हा वळवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर केवढं तरी कोवळं सुख होतं. अखेर कान उभे राहिले. खाली पाय मात्र नव्हते. ते ज्या हाताने करायचे तो मांडीवर पडून होता.  संगीताबाई सरकून मामांच्या उजव्या अंगाला बसल्या आणि त्यांनी आपला उजवा हात मामांच्या डाव्याखाली धरला.

भिंतीवर ससा आला. कान मामांचे, पाय संगीताबाईंचे, आणि नाक फुरफुरलं तेव्हा ते कुणाच्या बोटाने फुरफुरलं हे मला आजही सांगता येणार नाही. मामी दारात उभ्या होत्या, शेखर खाली जमिनीवर बसला होता. बऱ्याच वेळाने, हात अवघडला म्हणून असेल, संगीताबाई तो हळूच काढून घेऊ लागल्या, तशी मामा भिंतीवरची नजर न हलवता म्हणाले, "थांब बाई. अजून ऊन आहे."