बाबांच्या पायरीवरचं हिरवं पाणी

मी शेवाळ मोजतो. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, “म्हणजे साफ करता?” साफ करत नाही. उल्हास नदीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि त्यात कुठल्या जातीचं शेवाळ किती माजलंय ते मोजायचं, एवढंच काम. नदी आमच्या बदलापूर गावामागून वाहते आणि प्रयोगशाळा उल्हासनगरात एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली फर्निचरवाल्यांची दिवसभर ठोकाठोक चालते, त्यामुळे मोजताना आकडा चुकला की माझ्याकडे कारण तयार असतं.

पूर्वी नदी हिरवी व्हायची ती ऐन मे महिन्यात, पाणी आटल्यावर. आता होळीच्या आसपासच पाणी कोमट लागतं, वरून नाल्यांचं सांडपाणी येतंच, आणि निळं-हिरवं शेवाळ दुधावर साय धरावी तसं वर येतं. त्यातल्या काही जाती विष सोडतात. अंगाला खाज सुटते, पोट बिघडतं, जास्त पाणी पोटात गेलं तर यकृतावर जातं. म्हणून आमच्या मॅडमनी हा प्रकल्प मांडला आणि गाववाला म्हणून मला नेमलं. गाववाल्याला नदी कळते असा त्यांचा समज होता.

तो समज मी धुळवडीनंतर दूर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाखालच्या डबक्यात असा काही झगझगीत हिरवा तवंग दिसला की मी मॅडमना फोटो पाठवला, वर लिहिलं, ‘आलं!’ मॅडम रिक्षा करून, उन्हातान्हात आल्या. भिंगातून पाहिलं. मग बोट बुडवून माझ्या शर्टाच्या बाहीला पुसलं.

“हा रंग आहे,” त्या म्हणाल्या. “काल पोरं इथे अंघोळीला आली असतील. तुम्ही वास तरी घेतलात का?”

वास मी घेतला नव्हता. आई गेल्यापासून मला वास फारसे कळतच नव्हते. ती दिवाळीनंतर गेली. त्यानंतर घरात मी आणि बाबा. भाजी मीच करायचो. एकदा जेवण संपत आल्यावर लक्षात आलं की आमटीत मीठच नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, “असेल. मला नाही कळलं.” आम्हा दोघांचीही जीभ सारखीच झाली होती. रडायला येईल असं वाटून मी काही दिवस खिशात रुमाल ठेवला, मग तो बाटल्या पुसायला लागला.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी घाटावर पोहायला जायचे. आई गेल्यावर त्यांनी एकेक करून सगळं सोडलं. पेपर सोडला, देवळासमोरचा कट्टा सोडला, दाढीसुद्धा आठवड्यावर गेली. पण सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून घाटावर जाणं सोडलं नाही. तेवढ्यासाठी तरी ते अंथरुणातून उठायचे. परत आले की ओला टॉवेल आणि पट्ट्यापट्ट्यांची पोहायची चड्डी गॅलरीत ठेवायचे, मी ती दोरीवर टाकायचो. टॉवेल दिसला की मला बरं वाटायचं. म्हणजे, वाटायला हवं होतं तेवढं.

मार्च संपता संपता मी भल्या सकाळी नमुने घ्यायला उतरलो, तर बाबा जिथून पाण्यात उतरायचे त्याच पायरीला हिरवा थर लागलेला. गमबुटाने ढवळला तरी फाटेना, पुन्हा जुळून यायचा. या वेळी वास घेतला. कुजक्या गवताचा होता. रंग नव्हता.

शहाण्या माणसाने तडक घरी जाऊन सांगितलं असतं, बाबा, उतरू नका. पण माझी बाही अजून हिरवी होती. आणि चुकून त्यांचं पोहणं मी बंद केलं आणि पुन्हा तो रंगच निघाला, तर? एकदा सोडलेली गोष्ट त्यांनी परत धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी विषाची तपासणी, मग बोलणं. दोन बाटल्या भरल्या. एक मोजणीची, तिच्यात आयोडीन टाकायचं म्हणजे शेवाळ मरून तळाशी बसतं. दुसरी विषाच्या तपासणीची, तिच्यात काही म्हणजे काही टाकायचं नाही, तशीच बर्फात ठेवायची.

फाटकातच बाबा भेटले, खांद्यावर टॉवेल.

“आज नका जाऊ,” मी म्हणालो.

“का रे?”

“पाणी गार आहे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळच्या सातलाच आमच्या दोघांच्या गंज्या घामाने भिजलेल्या होत्या.

“बदलापुरात? मार्चात?” ते म्हणाले आणि गेले.

मी अडवलं नाही. वर आलो, ओट्यावर बाटल्या ठेवल्या आणि रोजचं काम केलं. हात करत होते, मी खिडकीतून रस्ता बघत होतो. बसने अंबरनाथवरून उल्हासनगरला पोचेपर्यंत डोक्यात एकच हिशेब, ते किती वेळ पाण्यात असतील, तोंडात किती जाईल. भीती वाटत होती असं म्हणवत नाही. दाढ काढण्याआधी गाल बधिर करतात तसं होतं. दाढ ओढली जातेय हे कळतं, दुखत नाही.

मॅडमनी बर्फाची पेटी उघडली. एक बाटली उजेडात धरली, मग दुसरी. दोन्हींत सारखंच तांबूस तपकिरी पाणी.

“यातली विषाची कुठली?”

मी दोन्ही बाटल्या फिरवून चिठ्ठी शोधली.

“हे सॅम्पल आहे की कोरा चहा?” त्या म्हणाल्या. “दोन्हीत आयोडीन ओतलंत! आता हे विष तपासायच्या किटला चालणार आहे का?”

“उद्या परत आणतो.”

“उद्या वारा फिरला की थर पलीकडच्या काठाला जाईल. आजचं ते आज होतं.” मग त्यांनी मोजणीचा थेंब भिंगाखाली ठेवला, बराच वेळ पाहिला. त्यांचा आवाज उतरला. “शेवाळ मात्र तेच आहे. भरपूर आहे. घाटावर कोणी उतरतं का?”

“माझे वडील.”

“आणि तुम्ही किटची वाट बघत होतात? अहो, थर दिसला की उतरायचं नाही. त्याला किट कशाला लागतं? जा घरी.”

त्याला किट लागत नाही हे मलाही ठाऊक होतं. मीच तर शाळांमधून सांगत फिरतो.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. बाबा टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद करून.

“हात दाखवा,” मी म्हणालो. “खाज येतेय का? जीभ काढा.”

“डॉक्टर कधी झालास?”

“पोटात मळमळतंय? पाणी गिळलंत का सकाळी?”

“कसलं पाणी?”

“नदीचं! घाटावर विषारी शेवाळ आलंय, बाबा. मी सकाळीच पाहिलं. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. उद्यापासून पोहायचं बंद. निदान पावसाळा होईपर्यंत.”

बोलून टाकलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिथे काहीच हललं नाही.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “मग काय बिघडलं? मी कुठे उतरतो?”

“म्हणजे?”

“तुझी आई गेल्यापासून नाही उतरलो.”

“रोज टॉवेल ओला असतो.”

“घाटावरच्या नळाखाली भिजवतो. कोरडा आणला असता तर तू चौकशा करत बसला असतास. कामावर गेला नसतास.”

मी उठून गॅलरीत गेलो. आज दोरीवर टाकायला मी नव्हतो, टॉवेल कठड्यावर बोळा होऊन अर्धवट वाळलेला. शेजारी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कडक कोरडी, इस्त्रीची घडी अजून तशीच. इतके महिने मी ती स्वतःच्या हाताने दोरीवर टाकत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक जीव ओळखणारा माणूस मी.

“का पण?” मी गॅलरीतूनच विचारलं. “का नाही उतरलात?”

बाबांनी रिमोट उचलून हातात धरला.

“ती पायरीवर बसायची ना टॉवेल घेऊन. ‘पुरे झालं, या आता बाहेर’ म्हणून ओरडायची. कोणी बोलावणारच नाही तर माणूस पाण्यात काय करणार? तरंगत राहणार?”

“मग रोज जाता कशाला?”

“बसतो पायरीवर,” ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज सुरू केला.

दुसऱ्या दिवशी नमुना परत घ्यायचा होता. मी निघालो तर बाबा फाटकात उभे, खांद्यावर टॉवेल. मी बरोबर चालू लागलो. मॅडम म्हणाल्या तसंच झालं होतं, वारा फिरला होता आणि हिरवा थर पलीकडे सरकला होता. आमच्या काठाला नुसता फिका तवंग उरला होता. आदल्या दिवशी त्या पाण्यात काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं.

बाबा वरच्या पायरीवर बसले. एक माणूस कपडे काढून उतरायच्या बेतात होता, त्याला म्हणाले, “ओ, नका उतरू. विष आहे. माझा मुलगा मोजतो.” तो माझ्या गमबुटांकडे बघून हसला, पण त्याने शर्ट परत घातला.

मी थराच्या कडेपर्यंत जायचं म्हणून आत सरकत गेलो. बाटली भरली, बूच लावलं. दुसरी भरली, तिच्यावर आधीच चिकटपट्टी लावून ‘काही टाकू नये’ असं स्वतःलाच लिहून ठेवलं होतं. तरी तिथेच उभा राहिलो. पाणी कोमट होतं. कशासाठी उभा होतो ते मला सांगता येणार नाही. गमबुटाच्या काठावरून पाणी आत शिरलं तेही मोज्याला कळलं, मला नाही.

“अरे ए,” मागून आवाज आला, जरा चिरका. “पुरे झालं. ये आता बाहेर.”

मी वळलो. बाबा उठून उभे होते, दोन्ही हातांत टॉवेल धरून.

मी बाहेर आलो. बूट उलटा केला, तर त्यातून हिरवट पाणी पडलं. बाबांनी टॉवेल पुढे केला. कोरडा होता.