गाण्यात राहून गेलेले लूम

आमचं गाणं गाजलं त्यात आमची अक्कल थोडी आणि गाफीलपणा जास्त. मुलाखत घेणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना काहीतरी खोल कारण हवं असतं.

गाणं मी लिहिलं ते बाबांची माफी मागायला, कारण तोंडानं मागायची हिंमत नव्हती. बाबा कोन गावातून रोज भिवंडीला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला जातात. मलाही त्यांनी तिथंच चिकटवलं होतं. काम सोडलं त्या दिवशी, लूम धडधडत असताना, मी त्यांच्यासमोर उभा राहून पुटपुटलो, "मला तुमच्यासारखं बहिरं व्हायचं न्हाय." एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार, अशी माझी समजूत. शेडमध्ये सगळे ओठ वाचूनच बोलतात, मीही तसाच बोलायचो, पण रागाच्या भरात विसरलो. बाबांनी मान खाली घातली आणि तुटलेला धागा जोडत राहिले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. जेवायला बोलवायचं तरी आईमार्फत.

बँडमध्ये आम्ही तिघं, गाणारा मी. ड्रमवाला लूममालकाचा मुलगा, म्हणून त्याच्या शेडच्या माळ्यावर सराव. ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय, हे गिटारवाला समजावून सांगायचा; तो जवळच्या वळ गावातल्या गोदामात ड्युटी करतो. मला एवढंच कळलं, की संथ गायचं आणि गळा भरून आला तर लपवायचा नाही. एका दुपारी खिडक्या लावून गाणं रेकॉर्ड केलं, तिघांनी चार-चारदा ऐकलं आणि नेटवर टाकलं.

दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या कुणीतरी विचारलं, मागे खटखट वाजतंय ते वाद्य कुठलं? आम्ही पुन्हा ऐकलं. खाली लूम चालू होते, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत होते. तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. जन्मापासून कानावर तोच आवाज. आमच्या लेखी ती शांतताच होती.

ड्रमवाला म्हणाला, "जुम्मे को लूम बंद रहेंगे, फिर से कर लेंगे." शुक्रवार येईपर्यंत गाणं हाताबाहेर गेलं होतं. जो तो आपल्या व्हिडिओला तेच लावत होता. एका जाणकारानं तर त्या खटखटीला अपराधी मनाची धडधड म्हटलं. स्तुती कोण दुरुस्त करत बसतो?

मला मात्र एकाच माणसानं ऐकायला हवं होतं. शेवटी एका शुक्रवारी आईनंच मोबाइल बाबांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग इतक्या महिन्यांनी ते माझ्याशी बोलले.

"कोनाचा लूम हाय ह्यो? धोटा बराबर फिरत न्हाय. सांग त्याला, धागं तुटतील."

"आणि गाणं, बाबा?"

"गानं कुठं हाय? लूमच ऐकू येतोय."

ज्यांची मागितली त्यांना सोडून माफी सगळ्या जगाला पोचली होती. मला रडू आलं. मी मोबाइल बंद केला, त्यांच्यासमोर बसलो आणि शेडमध्ये बोलतात तसं, आवाज न काढता, ओठ सावकाश हलवत गाण्याची पहिली ओळ म्हटली. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, एवढीच ती ओळ.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हातानं खूण केली, पुढची म्हण.