दोन तासांची दुबई

मला विमानाची भीती वाटते. दार बंद, खिडकी उघडत नाही, आणि मध्येच "थांबवा, उतरते" म्हणायची सोय नाही. त्यामुळे लेक लग्न होऊन दुबईला गेली तरी मी कधी तिच्याकडे गेले नाही. तीच यायची. पण यंदा तिला दिवस गेले आणि आठव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडची रीत. मग आता माहेरानेच उठून तिकडे जायचं, दुसरं काय!

तरी आठवडाभर माझं हो-नाही चाललं होतं. शेवटी यांनी तिकीट पुढ्यात धरलं. पुण्याहून दुपारी दोनला सुटतं, दुबईला चारला पोचतं. दोन तास! कात्रजहून खडकीला बहिणीकडे जाताना संध्याकाळच्या गर्दीत मी तेवढी रिक्षात बसतेच. ते मात्र मला पटलं.

डिंकाचे लाडू वळले, अळीव आणि बाळंतशोपा बांधून घेतल्या आणि बसले एकदाची विमानात. सूचना काय दिल्या देव जाणे, मी डोळे गच्च मिटून यांचा हात आवळला होता. रामरक्षा म्हणत म्हणत चार वाजवले. सव्वाचार झाले. विमान आपलं ढगांवर निवांत, उतरायचं नावच घेईना.

हवाईसुंदरीला बोलावून विचारलं, तर ती गोड हसून म्हणाली की अजून सव्वा तास आहे. तिकिटावरचे चार तिथले, आणि तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे.

मग काय, मी यांच्याकडे वळले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि एवढं कळू नये? तर हे शांतपणे म्हणतात, तिकीट पुण्यात काढलं, मला वाटलं वेळही पुण्याचीच असणार. असा संताप आला म्हणून सांगू! लग्नापासूनची सगळी उणीदुणी काढली. हे मान खाली घालून ऐकत राहिले. त्या भरात विमान टेकलं कधी, मला कळलंसुद्धा नाही.

बाहेर लेक उभी, भलंमोठं पोट घेऊन. मी तिला मिठी मारली आणि पहिली बापाची तक्रार केली. ती खो-खो हसत सुटली.

"आई, बाबांना सगळं माहीत होतं गं. मलाच फोन करून बजावलं होतं, दीड तासाचं आईला बोलू नकोस म्हणून."

मी वळून यांच्याकडे बघितलं.

"खरं सांगितलं असतं, तर आली असतीस?" हे म्हणाले.

नसतेच आले. लेकीच्या पोटावर हात ठेवला, तर आतून बाळाने अशी सणसणीत लाथ मारली की मला रडू फुटलं, आणि हसूही आवरेना.

"परतीच्या तिकिटाची घाई करू नका," मी यांना म्हटलं. "नातवंड पालथं पडेपर्यंत मी इथून हलत नाही."