भावोजींची डावी बाजू

नृत्यशाळेतल्या पियानोपुढचं स्टूल बुटकं होतं. धाकटीनं पहिल्याच आठवड्यात घरून एक जाड उशी नेऊन त्यावर टाकली, आणि टाकताक्षणीच तिच्या मनात चर्र झालं. पाहुणा कधी उशी घेऊन येत नाही. उशी नेतो तो मुक्कामालाच जातो.

दोन बहिणींतली लहान, म्हणून ती धाकटी. लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली, केसांत चांदी आली, तरी बँडमधली माणसंसुद्धा तिला धाकटीच म्हणत, कारण बँड होता तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. भावोजी दिवसा खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात करवतीच्या यंत्रावर असत आणि सुटीच्या संध्याकाळी ड्रमवर. गायिका एका दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायचं काम करायची, गिटारवाला लोकांच्या घरचे दिवे-पंखे दुरुस्त करायचा, आणि धाकटी कीबोर्ड वाजवायची. लग्नाचे स्वागतसमारंभ, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, कुणाच्या निवृत्तीचा निरोप. बोलावतील तिथे जायचं. ताई, म्हणजे थोरली बहीण, स्वतः काही वाजवत नसे, पण कोणी काय घालायचं आणि कोणाचं काय चुकलं हे खातं तिच्याकडे होतं. "मी वाजवत नाही म्हणून तुम्ही चौघं अजून एकत्र आहात," असं ती म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

ड्रमसाठी भावोजींनी स्वतःच्या हातानं एक लाकडी चौथरा केला होता. घडी होणारा, टेम्पोत मावणारा, जेमतेम वीतभर उंच. धाकटीची जागा त्याच्या डाव्या अंगाला. एका समारंभात गायिकेनं डावीकडून हाक देऊन गाणं मध्येच दुसऱ्या गाण्यात वळवलं. सगळे वळले, भावोजी मात्र मागच्याच वाटेनं चालत राहिले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, लक्ष नव्हतं. पण त्यांनी मान फिरवून उजवा कान पुढे केला आणि मग सावरून घेतलं, हे धाकटीनं बघितलं. पुढचं वळण आलं तेव्हा तिनं काही न ठरवता टाच चौथऱ्याच्या कडेवर ठेवली आणि आधी दोनदा दाबली. फळी थरारली. भावोजी बरोब्बर वळले.

तेव्हापासून ते सुरू झालं. करवतीच्या आवाजानं त्यांचा डावा कान खाल्ला होता आणि वर्षं सरत होती तशी आतली उरलीसुरली वाटही बुजत चालली होती. डावीकडून येणारं सगळं त्यांना धाकटीच्या टाचेतून कळायचं. यावर दोघांमध्ये कधी एक शब्द झाला नाही. अळीमिळी गुपचिळी. सामान आवरताना भावोजी चौथऱ्याची तिच्या बाजूची कड फडक्यानं पुसून घ्यायचे, तेवढंच काय ते बोलणं.

ताईला याचा पत्ता नव्हता. घरी ती टीव्हीच्या आवाजावरून रोज कडाडायची. "या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलावं. भिंत निदान उलटून 'काय?' तरी विचारत नाही," असं ती धाकटीसमोर म्हणायची, आणि धाकटी भाजी निवडता निवडता हसायची. ते हसणं पुढे तिला फार महागात पडलं.

नृत्यशिक्षिका भेटली तीही अशाच एका समारंभात. पाहुण्यांपैकी कुणाची तरी लहान मुलगी मोकळ्या जागेत एकटीच नाचत होती, आणि धाकटीनं तिच्या पावलांसाठी गाणं थोडं संथ केलं, ती गिरकी घेते तेव्हा सूर लांबवला. जेवणाच्या रांगेत एक उंच, ताठ बाई तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुम्ही पायांकडे बघून वाजवता," बाई म्हणाली. "कुठे शिकलात?"

"कुठे नाही," धाकटी म्हणाली, आणि तिनं ताट पुढे केलं. कुणावर डोळा ठेवून वाजवता वाजवता ती हे शिकली, ते ती कशी सांगणार.

बाईला वर्गासाठी वाजवणारं माणूस हवं होतं. वर्ग रोज संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर भरायचे. पुढे वर्षअखेरीच्या कार्यक्रमासाठी नवीन संगीत बांधायचं कामही होतं. लोकांची गाणी आयुष्यभर वाजवलेल्या धाकटीला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, की तुमचं स्वतःचं काही आहे का. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "विचारतेस कशाला, तुझं तोंडच सांगतंय. फक्त ताईंना सांगायला मला पाठवू नकोस."

शनिवार म्हणजे बँडचाही दिवस. दोन्ही डगरींवर हात ठेवणं शक्य नव्हतं. भावोजी अंगणात एका खिडकीची चौकट घासत होते तेव्हा ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि सांगितलं.

"जा की," भावोजी म्हणाले. "चांगलं आहे."

"नवीन माणूस बघावा लागेल."

"बघू."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याला टाचेचं सांगा, इतकंच वाक्य. पण ते उच्चारायचं म्हणजे आधी तुम्हाला ऐकू येत नाही हे उच्चारणं आलं, आणि ते भावोजींच्या तोंडावर म्हणायची तिची छाती झाली नाही. भावोजी चौकट घासत राहिले. ती आत गेली तर ताई म्हणाली, "ऐकलं मी. आम्ही आपले मांडवात वाजवणारे. तू आता पियानोवाली. भेटायला यायचं तर आधी कळवून यायचं का गं?"

नवीन काम मात्र धाकटीला असं जमलं की ती स्वतःच चकित झाली. मोठी खोली, तीन भिंतींना आरसे, लाकडी जमीन, आणि मुली एकदम उडी मारून खाली आल्या की पियानोच्या तारा आपोआप गुणगुणायच्या. बाईचं बोलणं मोजकं. "इथे मला पाणी हवंय," एवढंच ती म्हणायची, आणि धाकटी दोन-तीन तऱ्हांनी वाजवून दाखवायची, की हे पाणी की हे. घरी जाताना सूर डोक्यात घोळायचे. आणि मग शनिवारच्या संध्याकाळी, ऐन रंगात, तिची टाच आपोआप जमिनीवर दोनदा दाबली जायची आणि सगळ्या आनंदात मिठाचा खडा पडायचा. आत्ता तिकडे कोण दाबत असेल?

कुणीच नाही, हे गायिकेच्या फोनवरून कळलं.

"अगं, तुला सांगते, हसावं की रडावं," गायिका म्हणाली. "त्या औषध कंपनीच्या संमेलनात गाणं संपलं. मी संपवलं, गिटार संपलं, नवीन कीबोर्डवाला संपला, आणि तुझे भावोजी एकटेच चालू. चांगलं अख्खं कडवं होईल एवढं. लोकांना वाटलं हे मुद्दाम बसवलेलं आहे. उठून टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग काय, भावोजींनी वाकून नमस्कार केला. पण टेम्पोत घरापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. वय झालं गं त्यांचं. गिटारवाला म्हणतो, दुसरा ड्रमवाला बघू."

धाकटीला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली आणि नवीन कीबोर्डवाल्याकडे गेली. तो वाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला नको ते गळ्यात मारण्यात पटाईत. बँडमध्ये सगळे त्याला दुकानदारच म्हणत. त्याच्यापुढे धाकटीनं एक कथा रचली. तो चौथरा जुना आहे, हलतो, कडेवर पाय ठेवला की स्थिर राहतो, आणि वळणाच्या आधी दोनदा दाबलं तर सगळ्यांनाच ताल पक्का मिळतो. आमची आपली जुनी पद्धत.

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, काउंटर पुसला आणि म्हणाला, "कानाचं आहे का, मॅडम?"

धाकटी शेजारच्या कीबोर्डवरची किंमत वाचायला लागली. 

"मी कुणाला नाही सांगणार," तो म्हणाला.

सांगितलं नाहीच बिचाऱ्यानं. त्यानं तिचं अक्षरशः पाळलं, आणि तिथेच घोटाळा झाला. धाकटी दाबायची ती उघड्या टाचेनं, कढी ढवळावी तशी हलकेच. याच्या पायात जाड तळव्यांचे बूट. पुढच्याच कार्यक्रमात त्यानं पहिल्या वळणाला चौथऱ्यावर असे दोन दणके दिले की वरची झांज हलली. भावोजी वाजवता वाजवता थांबले. त्यांनी खाली वाकून तो बूट बघितला. मग काठ्या मांडीवर ठेवल्या आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

दोन दिवसांनी ते नृत्यशाळेत आले. वर्ग सुटला होता, मुली बूट शोधत होत्या. भावोजींनी चपला दाराबाहेर काढल्या आणि येऊन पियानोच्या पलीकडे असे उभे राहिले, की धाकटी त्यांच्या उजवीकडे येईल.

"बसा ना, भावोजी."

"बसायला नाही आलो." त्यांनी आरशांकडे बघितलं, छताकडे बघितलं. "जागा चांगली आहे."

"भावोजी, मी त्याला..."

"तू गेलीस याचं मला काही वाटलं नाही," भावोजी म्हणाले. "माणूस वाढतं, जातं. खरं सांगायचं तर गेलीस तेव्हा मी मनात म्हटलं, सुटली. इतकी वर्षं पोरगी एका पायावर उभी होती. पण धाकटे, ती टाच तुझी नव्हती. आपल्या दोघांची होती. ती दुसऱ्याला देताना मला विचारायचं होतंस."

धाकटीनं पियानोचं झाकण लावलं.

"तुम्हाला काढतील अशी भीती वाटली मला."

"काढलं असतं तर काढलं असतं. मीच सांगितलं काल सगळ्यांना. गायिका म्हणाली, मग मी डावीकडे कशाला उभी राहू, तुमच्यासमोर तोंड करून उभी राहीन. लोकांनी थोडी पाठ बघितली तर काय बिघडतं. गिटारवाला अजून तोंड पाडून बसलाय. बघू, जमलं तर जमलं."

"मी परत येते," धाकटी म्हणाली. ती हे घोकूनच बसली होती. "बाईंना सांगते."

"अजिबात यायचं नाही. आलीस तर दर शनिवारी मला दिसेल की तू माझ्यासाठी आलीस. ते मला झेपायचं नाही." मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "ताईलाही सांगावं लागलं. ती तुझ्याकडे येईल. तयारीत राहा."

तयारी कसली होणार. ताई दुसऱ्या दिवशी आली ती दारातूनच सुरू झाली.

"मला एक सांग. किती वर्षं माहीत होतं?"

"ताई, आधी आत तरी ये."

"आलेय की आत. मी त्या माणसाला हट्टी म्हटलं. बहिऱ्याचं सोंग घेतोस म्हटलं. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर. आणि तू तिथे बसून हसत होतीस."

"त्यांनाच कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

"त्यांना नव्हतं, ते मी त्यांच्याकडे बघते. तू माझी बहीण. बँड सोडलास, खुशाल सोड, मी चार टोमणे मारले असते आणि विसरले असते. पण नवरा माझा, कान त्याचा, आणि ठाऊक तुला. मी काय घरातली पाहुणी होते?"

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. चहा ठेवला. ताईनं तो निमूट घेतला, ज्याची धाकटीला आरडाओरड्यापेक्षा जास्त भीती वाटली. कप खाली ठेवून ताई म्हणाली, "शनिवारी सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तू पण चल."

शनिवारी वर्ग होता, आणि कार्यक्रम तोंडावर आला होता. धाकटीनं बाईकडे पहिल्यांदाच सुटी मागितली. बाईनं कारण विचारलं नाही. मुली एक दिवस टाळ्यांवर नाचतील, एवढंच म्हणाली.

दवाखान्यात एका ओळीत खुर्च्या होत्या. भावोजी मधे बसले. ताईनं पटकन उजवीकडची खुर्ची धरली. "मी इकडे बसते. राहिलेलं बरंच ऐकवायचंय मला. तू बस तिकडे, तुझ्या सवयीच्या जागेवर."

धाकटी डावीकडे बसली. समोरच्या भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं मोठं रंगीत चित्र होतं. भावोजी ते एखाद्या चौकटीचं माप घ्यावं तसं निरखत होते. गर्दी बरीच होती, आणि नंबर काही लवकर येत नव्हता.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "माझं चुकलं."

भावोजी चित्र बघत राहिले.

"माझं चुकलं, भावोजी," ती जरा मोठ्यानं म्हणाली. समोर मासिक चाळणाऱ्या बाईनं मान वर केली.

"काय म्हणतेय ती?" भावोजींनी ताईला विचारलं.

"चुकलं म्हणतेय."

"कुणाचं?"

"तिचं."

भावोजींनी थोडा विचार केला. "मग तिला म्हणावं, इकडच्या बाजूला येऊन सांग."

ताईनं धाकटीकडे एकदा बघितलं, पर्स उचलली आणि उठून उभी राहिली. धाकटीला सगळ्या दवाखान्यासमोर भावोजींच्या गुडघ्यांना वळसा घालून पलीकडे जावं लागलं. ती उजवीकडच्या खुर्चीत बसली. डाव्या बाजूला दोनदा सहज निघालेलं वाक्य आता काही केल्या ओठांवर येईना. भावोजींनी मान तिच्याकडे कलती केली आणि ते थांबून राहिले.