गुडघ्यातल्या गोळीचं मानपत्र

ज्याच्या अंगावर गोळीची खूण आहे, त्याच्यापुढे इतिहाससुद्धा मान लववतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की, माइक दोन्ही हातांनी धरून ते म्हणतात. मी ते अकरा वर्षं ऐकतो आहे. इतिहासाचं मला माहीत नाही. पण समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा साठ-सत्तर जणांपैकी निम्म्यांना स्पॉन्डिलायटिस आहे, त्यामुळे मान लववण्याचं काम आम्ही इतिहासावरच सोपवलेलं आहे.

हे वाक्य एका सत्काराची प्रस्तावना असतं. सत्कारमूर्ती वर्षानुवर्षं एकच होते. वैजापूरकडचे नव्वदी ओलांडलेले स्वातंत्र्यसैनिक. ऐन मिसरूड फुटण्याच्या वयात रझाकारांची गोळी त्यांच्या उजव्या पायातून आरपार गेली होती. संघाची गाडी त्यांना आणायला जायची. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र त्यांना दिलं जायचं. मानपत्राचा मजकूर अध्यक्षांनी एकदाच लिहून ठेवला होता, फक्त साल बदलायचं, त्यामुळे आजोबांच्या घरी अक्षरशः एकसारखी मानपत्रं भिंतीवर ओळीनं लागली होती. सत्काराला उत्तर देताना ते चार वाक्यं बोलायचे आणि त्यातलं चौथं वाक्य जास्त वेळ बसवत नाही, निघतो, असं असायचं. मी ऐकलेल्या सत्काराच्या उत्तरांत ते सर्वोत्तम होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आजोबा गेले. आम्हाला वाईट वाटलं. अध्यक्षांना वाईट वाटलं आणि शिवाय ऑगस्ट उजाडताच घामही फुटला, कारण दुसरा स्वातंत्र्यसैनिक मिळेना. त्यांनी तीन तालुके पालथे घातले. जे हयात होते ते अंथरुणाला खिळलेले होते. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांचा सत्कार करावा अशी एक सूचना आली. पण मुलं फार होती आणि प्रत्येकाचं म्हणणं होतं की वडिलांना आपणच सांभाळलं. एक दिवस अध्यक्ष माझ्या घरी येऊन बसले. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, गावाकडं अजून कांदा लावणारे, बोलायला मोकळे.

"सर," ते म्हणाले, "समदं हाय. मंडप हाय, माइक हाय, नाश्ता हाय. निस्ता माणूस नाय."

अशा परिस्थितीत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आयर्लंडचा पाहुणा आला.

माझा भाचा बेलफास्टमध्ये एका रुग्णालयात नर्स आहे आणि ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो राहतो ते घरमालक, सत्तरी ओलांडलेले, एकटे, लेणी बघायला भारतात निघाले होते. मामाचं घर पुंडलिकनगरात रिकामंच असतं असं भाच्यानं त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. पाहुणे माणूस चांगले. तिखट सोडून सगळं खायचे. चालताना एक पाय जरा ओढायचे. अजिंठ्याला डोलीत बसून गेले आणि परत आल्यावर दिवसभर अस्वस्थ होते, कारण डोली उचलणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्याहून म्हातारा होता.

सकाळी मी त्यांना कॉलनीच्या बागेत नेत असे. बागेतल्या सिमेंटच्या बाकांवर आमच्या संघाचं खरं कामकाज चालतं आणि त्या कामकाजाचा एकमेव विषय गुडघा हा असतो. कुणाचा बदलला, कुणाचा बदलायचा आहे, बदललेल्यापैकी कोणाचा वाजतो. पाहुण्यांचं लंगडणं पाहून अध्यक्षांनी आधी स्वतःचा पायजमा वर करून शस्त्रक्रियेचा व्रण दाखवला. हा आमच्याकडे ओळख करून घेण्याचा रिवाज आहे. पाहुण्यांनीही शिष्टाचार ओळखून डाव्या पायावरची विजार वर केली. गुडघ्याच्या मागे एक वाटोळा खड्डा होता आणि पुढे त्याहून मोठा, वेडावाकडा.

कुठल्या डॉक्टरनं केलं, असं अध्यक्षांनी विचारलं. मी भाषांतर केलं. पाहुणे म्हणाले, डॉक्टरनं नाही, गोळी लागली होती.

कृत्रिम गुडघ्यांच्या त्या सभेत एकदम कुणीतरी परमवीरचक्र काढून ठेवावं तसं झालं. काय लढाई होती, असं सगळ्यांनी मला विचारलं. मी आयुष्यभर महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे न विचारलेलंही सांगण्याची सवय आहे. मी सांगितलं की यांचं शहर आयर्लंड बेटावर आहे, पण ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तरेच्या तुकड्यात. तो तुकडा ब्रिटनमध्ये राहावा की आयर्लंडला जोडावा यावरून तिथं तीसेक वर्षं खूनखराबा चालला. दोन्हीकडे गुप्त सशस्त्र संघटना, मध्ये ब्रिटिश फौज, बाजारात बॉम्ब, हजारो माणसं मेली. यांची वस्ती आयर्लंडला जोडू पाहणाऱ्यांची. एवढ्या सगळ्यातून अध्यक्षांनी दोन गोष्टी उचलल्या. एक इंग्रज आणि दुसरी गोळी.

तुम्ही त्या लढ्यात होता का, असं त्यांनी पाहुण्यांना विचारायला लावलं. पाहुणे थोडे हसले आणि म्हणाले, आमच्या गल्लीत त्यातून सुटलेला कुणीच नव्हता. मी ते इमानेइतबारे मराठीत सांगितलं. आता आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर गोळीची खूण असली तर ती कुणी मारली हे विचारण्याची पद्धत नाही. ती निझामाच्या बाजूनंच आलेली असते. त्यामुळे अध्यक्षांनी विचारलं नाही, आणि शिकलासवरलेला असून मीही विचारलं नाही. भाषांतर करणारा माणूस समजूनही घेतो, हा गैरसमज माझ्याबाबतीत त्या दिवशी दूर झाला.

सत्काराला पाहुणेच ठरले. सोळा तारखेला दुपारी अध्यक्षांनी मानपत्राची एक प्रत माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला पाठवली. मूळ मानपत्र गुलमंडीतल्या फ्रेमवाल्याकडे चौकटीत बसायला गेलं होतं, म्हणजे तपासण्याचा उपयोग नव्हता, पण मान होता. मजकूर तोच होता. फक्त आजोबांच्या नावाच्या जागी पाहुण्यांचं नाव आणि रझाकारांच्या जागी इंग्रज. निझामाच्या जुलमी राजवटीविरुद्ध, देशासाठी हसतमुखानं गोळी झेलणारे, सशस्त्र क्रांतीचे झुंजार सैनिक वगैरे जसंच्या तसं. पाहुणे पोर्चमध्ये बसले होते. मी गंमत म्हणून त्यांना ते इंग्रजीत वाचून दाखवलं.

निझामापर्यंत ते खदखदून हसले. झुंजार सैनिकाशी आल्यावर थांबले.

मग त्यांनी सांगितलं. अठरा वर्षांचे असताना ते गाड्या चोरायचे. विकायला नाही, नुसत्या पळवायला. रात्री सुसाट चालवायच्या आणि कुठंतरी टाकून द्यायच्या. पोलीस त्यांच्या वस्तीत शिरत नव्हते, म्हणून तिथली न्यायव्यवस्था बंदूकवाल्या संघटनेनं स्वतःकडे घेतली होती. आयर्लंड एक करणं हे मोठं काम होतं, ते होईपर्यंत गाडीचोरांचे गुडघे फोडणं हे चालू काम होतं. दोनदा ताकीद आली. तिसऱ्यांदा निरोप आला की अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक दुकानामागच्या बोळात ये. आला नाहीस तर दोन्ही गुडघे.

"आणि तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"वेळेवर. तेच वीस मिनिटं उशिरा आले. त्यातल्या एकानं उशिराबद्दल माफीही मागितली. आमच्याच गल्लीतला होता, लहानपणी मला पोहायला शिकवलं होतं त्यानं. पुढं रस्त्यात भेटला की मान हलवायचा. मीही हलवायचो. दुसरं काय करणार, सामान घ्यायला वाणी एकच होता."

त्या माणसाचं आता गल्लीतल्या एका भिंतीवर वीर म्हणून मोठं रंगीत चित्र आहे, असंही ते म्हणाले. ते रोज त्याच्यासमोरून दूध आणायला जातात. मग त्यांनी कप खाली ठेवला. "मला काहीही म्हणा. चोर म्हणा. पण त्यांच्यातला म्हणू नका. पन्नास वर्षं मी एवढं एकच सांभाळलंय. तुमच्या अध्यक्षांना खरं सांगा, आणि तरी त्यांना मी हवा असेन तर येईन. रोज सकाळी ते माझ्यासाठी बाकावर जागा धरतात."

ते मानपत्र मराठीत होतं, पाहुण्यांना ते कधीच वाचता आलं नसतं. मी गप्प बसलो असतो तर कार्यक्रम पार पडला असता, हा विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो. पण भाच्याला मराठी वाचता येतं. आणि बेलफास्टच्या त्या गल्लीत घराच्या भिंतीवर कोणत्या संघटनेचा सैनिक म्हणून काय लिहिलं आहे, ही अजूनही थट्टेची बाब नसावी. मी चपला घातल्या.

अध्यक्ष कार्यक्रमपत्रिकेच्या घड्या घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"म्हंजी इंग्रजांनी नाय घातली."

"नाही."

"त्यायच्याच लोकांनी."

"हो."

"अन् ह्ये गाड्या चोरायचे."

"हो."

आता ते मला दोष देतील, कार्यक्रम रद्द करतील किंवा दोन्ही, असं वाटलं. त्यांनी पंखा एक नंबरनं कमी केला, कागद उडत होते म्हणून. मग म्हणाले, "आमच्या चुलत्याचा हात मोडला व्हता, सर. तुमाला कधी बोललो नाय. सरहद्दीवर कॅम्प व्हता लढणाऱ्यांचा, तिथं भाकरी पोचवायचा त्यो. कॅम्पात कुणीतरी म्हनलं, ह्यो रझाकाराला खबर देतो. मोडला हात. खबर देनारा दुसराच निघाला. पुढं पेन्शनीच्या फारमात इचारलं व्हतं, इजा कुणी केली. चुलत्यानं ती जागा कोरी सोडली. फारम परत आला. पुन्ना भरला, पुन्ना कोरी. मरेपतुर कोरीच."

"का?"

"रझाकार लिवलं असतं तर पेन्शन मिळाली असती. पर खोटं व्हतं. अन् खरं लिवलं असतं तर गावात ऱ्हाता आलं नसतं. वाणी एकच असतो, सर."

पाहुण्यांचं ते वाक्य मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मग ते उठले आणि मला स्कूटरवर मागे बसवून गुलमंडीला निघाले. दुकानदारानं, काँच तो कलीच लगाया साहब, म्हणून कुरकुर केली. पण अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहून चौकट उघडायला घेतली. शेजारच्या छपाईवाल्याकडे उभ्या उभ्या नवा मजकूर झाला. निझामाची राजवट गेली. ती अशीही गेलेलीच होती. झुंजार सैनिक गेले. इंग्रजांच्या जागी स्वकीयांच्या असा शब्द आला. आणि देशासाठी हसतमुखानं गोळी झेलणारे, यावर अध्यक्ष अडले. हसतमुखानं काढावं, असं मी सुचवलं. त्यांनी ते काढलं, देशासाठी हेही काढलं, आणि छापवून घेतलं, मोटारींपायी गोळी झेलणारे.

सतरा तारखेला झेंडावंदन झालं. अध्यक्षांनी माइक धरला आणि इतिहासाचं वाक्य म्हटलं नाही. पाहुण्यांना त्यांच्याच माणसांनी गोळी घातली, ते गाड्या चोरायचे, पुढं त्यांनी चोरी सोडली आणि चाळीस वर्षं बस चालवली, म्हणून हा सत्कार, असं सरळ सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे लोक माइक चालू आहे का हे पाहायलाही टाळ्या वाजवतात, त्यामुळे त्याला फार महत्त्व देऊ नये. पण पहिल्या रांगेतले काही जण उभे राहिले, आणि त्यांचे गुडघे मला माहीत आहेत.

पाहुणे दोनच वाक्यं बोलले. मी भाषांतर केलं, या वेळी समजून. "ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांच्यासाठी आमच्याकडे भिंती रंगवल्या आहेत. ज्यांना लागल्या त्यांच्यासाठी ही पहिली शाल."

मग मागच्या रांगेतून, तो गुडघा अजून बदलून का घेतला नाही, असा प्रश्न आला आणि सभा पूर्वपदावर आली.

मानपत्र आता बेलफास्टमध्ये जिन्याच्या भिंतीवर आहे. भाचा येणाऱ्याजाणाऱ्याला ते इंग्रजीत वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात त्यानं मला त्याचा फोटो पाठवला आणि मी तो प्रथमच शुद्धलेखनाच्या नजरेनं पाहिला. गोळी खरी आहे, मोटारी खऱ्या आहेत, स्वकीयही खरे आहेत. फक्त मूळ मजकुरातल्या आजोबांचा उजवा पाय तसाच राहून गेला आहे.