दुधात उतरलेली साखर

बाळ-बाळंतिणीच्या कामात सिंधुबाईंचा हात धरणारं निमगाव केतकीत कुणी नव्हतं. सुईण म्हणून सारजा होती, पण मूल बाहेर आलं की पुढचा सगळा कारभार सिंधुबाईंचा. शेक, धुरी, अळीव, गुटी. पानमळ्यात कितीही काम पडलेलं असो, बोलावणं आलं की बाई निघाल्याच. तोंड फटकळ आणि आपलं तेच खरं करायची खोड, पण लोक ते चालवून घेत, कारण बाई जीव लावायच्या.

चौऱ्याण्णव साली त्यांच्या स्वतःच्या सुनेला, शालनला दिवस गेले. सातव्या महिन्यात बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. साखर वाढलीय म्हणाल्या. मूल अंगानं मोठं होईल, बाळंतपण इथंच करा, जन्मल्याबरोबर बाळाचीही साखर बघावी लागेल. सिंधुबाईंनी मान डोलावली. बाळालाही साखरेचा आजार लागणार, एवढाच अर्थ त्यांनी गाठीला बांधला.

घरातला गूळ माळ्यावर गेला. सणाची पोळी सुनेच्या ताटात पडली नाही, आणि तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून सासूनंही बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरवला. प्रेमाला कुठं कमी नव्हतं.

कळा लवकर सुरू झाल्या. जीप सांगायला माणूस गेला, तोवर शालन घरातच मोकळी झाली. खांदा अडकला होता, सारजाला घाम फुटला. पण मुलगा हा असा गुबगुबीत, महिन्या-दोन महिन्यांचा वाटावा. बायका म्हणाल्या, बाळसं घेऊनच आलंय. सिंधुबाईंचा ऊर भरून आला. सुटली एकदाची, आता कशाला बारामती, म्हणत त्यांनी जीप परत पाठवली.

शालननं हात पुढं केले. "द्या आत्या, पाजते त्याला."

"आत्ता न्हाय. तुझ्या अंगात साखर हाय, ती दुधात उतरंल. दोन दिस पान्यावर ठिवू."

नेहमीचं मधाचं बोटसुद्धा त्यांनी चाटवू दिलं नाही. कापसाच्या बोळ्यानं उकळलेलं पाणी तेवढं देत राहिल्या. पोर रडेना. गुणी हाय, म्हणत सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळी शालननं पुन्हा मागितलं. सिंधुबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाहीच म्हणाल्या.

सकाळी पोराचे हात थरथरायला लागले. थंडी असेल म्हणून शेकलं. मग डोळे फिरले, अंग ताठलं, आणि तेव्हा कुठं बारामती आठवली.

"पाजलं कधी?" डॉक्टरीणबाईंनी सुई टोचता टोचता विचारलं.

"एक थेंब दिला न्हाय बगा," सिंधुबाई जरा अभिमानानंच म्हणाल्या. "साखरंचा कणसुदिक तोंडाला लागू दिला न्हाय."

पोटात असताना आईच्या वाढलेल्या साखरेची बाळाला सवय झालेली, डॉक्टरीणबाई हळू आवाजात सांगू लागल्या. नाळ तुटली की ती साखर थांबते, पण बाळाचं अंग पहिल्यासारखंच साखर जाळत राहतं. याची साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती. "आईच्या दुधानं काही झालं नसतं, आजी. ते लगेच द्यायला हवं होतं."

सलाईन लावलं, पण फार उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत पोर गेलं.

शालन दवाखान्याच्या वऱ्हांड्यातल्या खाटेवर पडून होती. पदराखाली चोळी ओली झालेली.

"आत्या, माझ्याच साखरंनं गेलं न्हवं?"

व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सिंधुबाईंशिवाय कुणी ऐकलं नव्हतं, आणि शालननं सासूचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. व्हय ओठावर आलंही. सिंधुबाईंना स्वतःचीच किळस आली.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "उपाशी ऱ्हाऊन गेलं. म्या पाजू दिलं न्हाय म्हनून गेलं."

शालन रागावली नाही, रडलीही नाही.

"मी मागत हुते की, आत्या," ती म्हणाली.